पिठाच्या डब्यावरची वही

अण्णांचा 'र' जमायला मला तीन दिवस लागले.

बाकीची अक्षरं सोपी होती. अण्णा डोक्यावरची रेघ कधी ओढायचेच नाहीत. अक्षरं एकामागे एक उभी करून मोकळे व्हायचे. पण त्यांच्या 'र'ची शेपटी खाली जाऊन पुन्हा वर यायची आणि थेट पुढच्या अक्षराच्या पोटात शिरायची. चौथ्या दिवशी ती बरोबर शिरली. वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मी 'रविवार' लिहिलं, अण्णांनी लिहिलेल्या 'रवा संपला'शेजारी ठेवून पाहिलं, आणि माझी मलाच भीती वाटली.

"झालं का?" दारातून गिऱ्याने विचारलं. गिऱ्या म्हणजे माझा धाकटा भाऊ, गिरीश. मी सहावीत होते, तो पहिलीत. त्याला मी पहाऱ्यावर उभं केलं होतं.

"थांब जरा."

"आईची बस दिसली की मी एकदा खोकणार. आई फाटकाशी आली की दोनदा."

"आणि तुला खराच खोकला आला तर?"

त्याने विचार केला. "मग तीनदा."

ही एकोणनव्वद सालच्या हिवाळ्यातली गोष्ट. भुसावळजवळच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. अण्णा, म्हणजे यशवंत भंगाळे, बॉयलरवर ऑपरेटर होते. आई सरकारी दवाखान्यात नर्स. दोघांनाही पाळ्या. मुलं एकटी राहू नयेत म्हणून दोघांनी साहेबांना सांगून, हातापाया पडून, पाळ्या उलटसुलट लावून घेतल्या होत्या. एक बाहेर, तर दुसरा घरात. ऐकणाऱ्याला वाटायचं, काय छान सोय! सोय छानच होती. आमच्या घरात कायम कोणीतरी असायचं. फक्त ते कोणीतरी कायम झोपलेलं असायचं.

"हळू बोल, अण्णा झोपलेत."

"भांडं आपटू नको, आईचा आत्ताच डोळा लागलाय."

आम्ही भावंडं भांडायचो तेसुद्धा कुजबुजत. मी गिऱ्याला चिमटा काढला की तो आवाज न करता रडायचा, नुसतं मोठं तोंड उघडून. झोपलेल्याला उठवायचं नाही, हा घरातला एकच कडक नियम. बाकीचं सगळं वहीत.

वही दोनशे पानी होती आणि पिठाच्या डब्यावर असायची, त्यामुळे तिचं कव्हर कायम पांढरं. जाणारा तिच्यात लिहून जायचा, येणारा वाचायचा. आईच्या नोंदी दवाखान्यातल्यासारख्या: 'गिरीश सकाळी दोनदा शिंकला. ताप नाही. भूक बरी. नूतनच्या डोक्याला तेल लावणे.' अण्णांच्या नोंदी बॉयलरच्या लॉगबुकासारख्या, आकडे घालून: '१) दूध तापवले. २) गॅस संपत आला आहे. ३) मुले ठीक.' असा आमचा चार्ज रोज एका हातातून दुसऱ्या हातात जायचा.

शेजारच्या झांबरे काकांची नोकरी ऑफिसातली. रविवारी दुपारी त्यांच्याकडे चौघं मिळून बदाम सात खेळायची. मध्ये एकच भिंत, त्यामुळे कोण जिंकलं ते आम्हाला घरबसल्या कळायचं.

"झांबरे काका हरले की रडायचं नाटक करतात," गिऱ्याने एकदा बातमी आणली. "आपले अण्णा हरल्यावर काय करतात?"

मला माहीत नव्हतं. आम्ही अण्णांशी कधी खेळलोच नव्हतो. तिघांत डाव रंगत नाही आणि आमचं चौथं माणूस कायम ड्यूटीवर.

तर ते डोक्यात घेऊन मी कामाला लागले. सुरुवात लहानसहान गोष्टींपासून केली. आईचं अक्षर मला आधीपासूनच यायचं, कारण तिनेच माझ्याकडून गिरवून घेतलेलं. तिच्या नोंदीखाली मी एक ओळ वाढवली: 'गिरीशला कारले देऊ नये. पोटाला बरे नाही.' अण्णांनी वाचलं, मान हलवली आणि गिऱ्याच्या ताटातलं कारलं उचलून स्वतःच्या ताटात घेतलं. त्या दिवसापासून गिऱ्या माझ्या शब्दाबाहेर गेला नाही.

वाचून झालं की ते पान फाडून टाकायचं, नाहीतर ज्याच्या नावाने लिहिलंय तोच वाचायचा. हे काम गिऱ्याकडे.

"वहीची पानं कोण फाडतंय रे?" आईने एकदा विचारलं.

"मी विमान केलं."

"दाखव."

"उडून गेलं."

एकदा तर फाडलेलं पान त्याच्या हातात असतानाच आई आत आली. गिऱ्याने ते तोंडात कोंबलं आणि गिळून टाकलं. त्या दिवशी आईने अण्णांसाठी लिहिलं, 'गिरीश दुपारी जेवला नाही. लक्ष ठेवणे.'

तर 'र' जमला त्या सोमवारी आईची सकाळपाळी होती आणि अण्णांची दुपारपाळी. अडीचला अण्णांची स्कूटर निघायची, सव्वातीनला आईची बस यायची. तेवढाच पाऊण तास घरात मोठं कोणी नसायचं आणि वही आमची. मी पाटावर बसले आणि अण्णांच्या अक्षरात लिहिलं:

'१) येत्या रविवारी सुट्टी घ्यावी. मीही घेत आहे.

२) चौघे मिळून धरणावर जाऊ. भरीत-पुऱ्या न्याव्यात.

३) याचे उत्तर लिहू नये.'

"तीन नंबर कशाला?" गिऱ्याने बोट ठेवून वाचत विचारलं.

"आईने उत्तर लिहिलं तर ते अण्णा वाचतील ना, बावळट!"

पण पुन्हा वाचल्यावर मला ते फार कोरडं वाटलं. एवढ्यावर आई सुट्टी घ्यायची नाही. मग पहिल्या आकड्यापुढे थोडी जागा होती तिथे मी आणखी एक ओळ बसवली: 'तुझ्याशी बसून बोलून फार दिवस झाले.' नवरे असं काहीतरी लिहीत असावेत, असा आपला माझा अंदाज.

गिऱ्या तीनदा खोकला. मग लगेच दोनदा.

आई आली ती खांद्याची पर्सही न काढता वहीपाशी गेली. वाचलं. पर्स खाली ठेवली, पुन्हा वाचलं. पदराला हात पुसून तिसऱ्यांदा वाचलं. आम्ही दोघं दप्तरात डोकं घालून बसलो होतो. मग तिने ते पान दुमडलं, घडीवर नख फिरवलं, अलगद फाडलं आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवून चेन लावली.

गिऱ्या माझ्या कानाशी आला. "आता मी काय खाऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आई साडेसहाला ड्यूटीवर गेली. अण्णा झोपलेले. गिऱ्या बुटांच्या नाड्या बांधत होता तेवढ्यात मी आईच्या अक्षरात लिहिलं: 'रविवारी सुट्टी घ्या. मी घेतली आहे. मुलांना घेऊन धरणावर जाऊ. रोज एकटीने जेवायचा कंटाळा आला. उत्तर लिहू नका.' आणि आम्ही शाळेत पळालो.

बाराला घरी आलो तर वरण खालून लागल्याचा वास फाटकापर्यंत आला होता. अण्णा शेगडीपुढे उभे होते आणि पातेल्यात बघत होते. पण वरण काही त्यांना दिसत नव्हतं. वहीतलं पान गेलेलं होतं. ते पट्टी लावून सरळ रेषेत कापलं होतं.

"नूतन," अण्णा म्हणाले, "तुझ्या आईला रंग कुठला आवडतो गं?"

"माहीत नाही."

"निळा असेल," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "निळाच असावा."

तो आठवडा आम्ही जीव मुठीत धरून काढला. दोघं एकमेकांशी दोन वाक्यं बोलली असती तरी सगळं उघडं पडलं असतं. पण अण्णा रात्री यायचे तेव्हा आई झोपलेली, आई सकाळी निघायची तेव्हा अण्णा झोपलेले, आणि झोपलेल्याला उठवायचं नाही. आमच्या घराचा नियमच आमच्या मदतीला होता.

सुट्टी मात्र फुकट मिळाली नव्हती. त्या रविवारच्या बदल्यात आईने मेट्रनबाईंकडून पुढच्या आठवड्यातल्या सलग पाच रात्रपाळ्या घेतल्या होत्या. अण्णांनी बॉयलरवरच्याच फेगडे काकांशी अदलाबदल करून दोन दिवस डबल ड्यूटी पत्करली होती. शनिवारी आईने सांगितलं, की पुढच्या आठवड्यात रावेरची मावशी राहायला येईल.

गिऱ्याने बोटं मोजली. "म्हणजे पुढच्या आठवड्यात दोघंही नाहीत?"

"गप्प बस," मी म्हणाले. "एक रविवार तर मिळाला."

रविवारी सकाळी आई आतून बाहेर आली ती हिरवी साडी नेसून. अण्णा स्कूटर पुसत होते. त्यांनी वर पाहिलं.

"निळी नाहीये," गिऱ्याने जाहीर केलं.

"काय निळी?" आईने विचारलं.

"काही नाही," अण्णा म्हणाले आणि आधीच पुसलेला आरसा पुन्हा पुसायला लागले.

गिऱ्या पुढे उभा, मग अण्णा, मग मी, माझ्या मागे आई आणि आईच्या मांडीवर डबा, अशी आमची वरात धरणावर पोचली. पाण्याच्या काठाशी करंजाचं मोठं झाड होतं, त्याच्या सावलीत आईने सतरंजी घातली. आणि मग कोणाला काय करावं ते सुचेना. चौघांनी एका जागी बसायची सवय नव्हती. आईने गिऱ्याच्या ताटात पुरी वाढली, त्याच वेळी अण्णांनीही वाढली. दोघांनी 'तू वाढ', 'नाही, तुम्ही वाढा' केलं. तेवढ्यात गिऱ्याने दोन्ही पुऱ्या खाल्ल्या.

"हा मिरची खातो?" भरितातली मिरची चावणाऱ्या गिऱ्याकडे बघून आई म्हणाली.

"केव्हापासून," अण्णा म्हणाले. "तुला माहीत नाही?"

"मग तुम्हाला माहितीये का, नूतनला आता चष्मा लागेलसं वाटतंय?"

"हो? कोणी सांगितलं?"

"मीच सांगतेय. मी लिहिणार होते."

अशी ती दोघं आमची माहिती एकमेकांना द्यायला लागली. ऐकायला छान वाटत होतं. पण या गप्पा कुठे जाणार ते माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला.

"बाकी, कारल्याने पोटाला काय होतं गं?" अण्णांनी पुरीचा घास करता करता विचारलं.

"कोणाच्या?"

"याच्या. तूच तर लिहिलं होतंस, देऊ नये म्हणून."

"मी? मी कशाला असं लिहीन? उलट मी तर त्याला..."

गिऱ्या उठला. सतरंजीच्या कडेला अण्णांच्या चपला होत्या. त्यातली एक त्याने उचलली आणि सगळा जोर लावून पाण्यात फेकली.



"मासा होता," गिऱ्या म्हणाला.

गिऱ्यावर रागवावं की चपलेमागे धावावं, हे अण्णांना ठरवायला वेळच नव्हता, कारण ती तरंगत आत चालली होती. त्यांनी पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात उतरले. चार पावलांवर शेवाळावरून पाय सटकला आणि वीजकेंद्राचे ऑपरेटर यशवंत भंगाळे कमरेपर्यंत पाण्यात बसले. चप्पल हातात होती.

आई हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून देऊन, मग पोट धरून. अण्णा पाण्यात बसूनच तिच्याकडे बघत राहिले. उठायची त्यांना काही घाई दिसेना. कारल्याचं कोणालाच आठवलं नाही.

अण्णांचे कपडे वाळेपर्यंत पत्ते खेळायचे ठरले. पत्ते मी आणलेच होते. बदाम सात. गिऱ्याला वाटलेले पत्ते त्याच्या हातात मावेनात. बदाम सत्ती आईकडे निघाली, तिने ती टाकली, आणि पहिला फेरा झाला. मला इतकं बरं वाटत होतं, की मी मुद्दाम मोठ्याने बोलत होते.

तिसऱ्या फेऱ्याला आई झाडाच्या बुंध्याला टेकली. "माझा पत्ता तूच टाक गं," म्हणाली आणि तिचे डोळे मिटले. मी तिचा पत्ता टाकला. पुढे अण्णा.

"अण्णा, तुमची पाळी."

पाळी म्हटल्यावरही अण्णा जागचे हलले नाहीत. पत्त्यांचा पंखा हातात धरून बसल्या बसल्या त्यांना झोप लागली होती.

"उठव ना," गिऱ्या कुजबुजला. बघता बघता आम्ही परत कुजबुजायला लागलो होतो.

"नाही."

"आपण त्यांना इथे झोपायला आणलं का?" त्याने तोंड मोठं उघडलं आणि आपलं ते बिनआवाजाचं रडणं सुरू केलं. मलाही रडू येत होतं. तीन दिवस 'र' गिरवला, वही फाडली, एवढ्या खोट्या गोष्टी केल्या, त्या या दोघांचं घोरणं ऐकायला? ते तर घरी रोज ऐकत होतो.

पाऊण तास गेला. एक शेळी आली आणि किलवरची राणी खाऊन गेली. आम्ही तिलाही आवाज न करता हाकललं. मग धरणाचा चौकीदार काठी टेकत आला. थांबला, वाकून बघायला लागला.

"काय झालं रे यांना?"

"झोपलेत," मी म्हणाले.

"दोघंबी?"

"हो," मी म्हणाले, आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं. दोघंही. मी अकरा वर्षांची होते आणि या दोघांना एकाच वेळी झोपलेलं मी आधी कधी पाहिल्याचं मला आठवत नव्हतं. रात्री कधी झोपत असतील, तर तेव्हा मीही झोपलेलीच असायचे. आईचं डोकं बुंध्यावरून घसरून अण्णांच्या खांद्यावर आलं होतं. दोघांचं तोंड जरा जरा उघडं होतं, अगदी सारखं. गिऱ्याही झोपतो तेव्हा तसाच दिसतो.

"झोपू द्या मग," चौकीदार म्हणाला. "पन ऊन उतरायच्या आत उठवजा बरं." आणि जाताना त्यानेही काठी टेकली नाही, उचलून धरली.

मी अण्णांच्या बोटांतून एकेक पत्ता काढून घेतला. बदामाची अठ्ठी दाबून बसले होते. आम्हा सगळ्यांना त्यांनी तासभर अडकवून ठेवलं असतं.

ऊन उतरलं तशी आई दचकून जागी झाली. "किती वाजले? माझी ड्यूटी..." तिच्या हालचालीने अण्णाही उठले, आणि हातात पत्ते नाहीत म्हणून आजूबाजूला शोधायला लागले.

"अगं, उठवलं का नाहीस?" आई मला रागावली. "तुमचा सगळा दिवस गेला की!"

"नियम आहे ना," मी म्हणाले.

आईने थर्मास उघडला. चहा कपात ओतता ओतता ती एकदम हसली. "तीन नंबर!"

"काय तीन नंबर?" अण्णांनी विचारलं.

"'याचे उत्तर लिहू नये.' अहो, बायकोला असं लिहितात का?" तिने पर्स ओढली, आतल्या कप्प्याची चेन उघडली आणि घडी घातलेलं पान अण्णांच्या हातात दिलं.

अण्णांनी घडी उलगडली. एक नंबर वाचला. दोन वाचला. तीन वाचला आणि पुन्हा एकवर गेले. मग त्यांचा डावा हात हळूहळू वर आला आणि शर्टाच्या खिशावर येऊन थांबला. पट्टी लावून कापलेलं दुसरं पान कुठे गेलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

कागदाच्या वरच्या कडेवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

गिऱ्याने घाईघाईने चपला शोधायला सुरुवात केली. पण दोन्ही अण्णांच्या पायात होत्या.

अण्णांनी मला कधी मारलं नव्हतं, त्यामुळे माराची भीती नव्हती. त्यांचा तो खिशावरचा हात मला बघवेना. 'रोज एकटीने जेवायचा कंटाळा आला.' गिऱ्याच्या नाड्या बांधून होईपर्यंत मी ते मनाने रचलं होतं. आणि या माणसाने ते पाच दिवस खिशात घालून बॉयलरवर ड्यूटी केली होती. मी मान खाली घातली.

"मला वाटलंच नव्हतं," आई पाण्याकडे बघत म्हणाली. तिला यातलं काहीच दिसलं नव्हतं. "तुम्हाला असं काही वाटत असेल म्हणून. मी घरी येते, मोरीत तुमचं ताट असतं. त्याच्यावरून मला कळतं तुम्ही काय खाल्लं, काय टाकलं. तेवढीच आपली भेट. कधी कधी मी ते ताट घासायच्या आधी जरा वेळ तशीच बसते. कोणाला सांगणार?"

अण्णांचा हात खिशावरून खाली आला. त्यांनी ते पान आईने घातलेल्या घड्यांवरच पुन्हा नीट दुमडलं आणि तिला परत दिलं.

"उत्तर आलं असतं तर वाचायची भीती वाटली असती," ते म्हणाले. "म्हणून तीन नंबर."

"काहीतरीच तुमचं!" आई म्हणाली आणि चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला.

घरी येईपर्यंत अण्णांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. आईला हे आजपर्यंत कोणी सांगितलेलं नाही. आता पस्तीस वर्षांनी तिने वाचलं तर वाचो.

सोमवारी दुपारी आई आतल्या खोलीत झोपली होती. त्या रात्रीपासून तिच्या पाच रात्री सुरू होणार होत्या. अण्णांनी मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं. फटीला लगेच गिऱ्याचा डोळा लागला. अण्णांनी खिशातलं पान काढून ओट्यावर ठेवलं.

"हे तूच?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

मी मान हलवली.

"तिच्याजवळचंही?"

"हो."

"कारलं?"

"तेपण."

"आजपासून गिरीश कारलं खाईल," अण्णा म्हणाले. दारापलीकडे कोणीतरी हुंदका गिळला.

मग त्यांनी पाट ओढला. "बस." पिठाच्या डब्यावरची वही काढून माझ्यापुढे ठेवली, पेन दिलं. "लिही."

मी पुन्हा असे करणार नाही, शंभर वेळा. शाळेत हीच शिक्षा असायची. मी नवं पान काढलं आणि 'मी पुन्हा' एवढं लिहिलं.

"ते नाही. माझ्या अक्षरात."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अण्णांचे कान लाल झाले होते.

"एक," ते म्हणाले. "काल..." आणि थांबले. शेगडीकडे पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. "काल झोप फार छान लागली."

मी लिहिलं. "दोन?"

"दोन... दोन असं लिही, की तू हसतेस तेव्हा..." पुढचं त्यांना जमेना. त्यांनी कपाळ पुसलं. "तेव्हा काय लिहितात?"

"मला काय माहीत?"

"मागच्या वेळी बरं सुचलं होतं तुला!"

"अण्णा," मी कुजबुजले, "पण हे तुम्हीच का नाही लिहीत?"

त्यांनी आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

"मी लिहिलं तर तिला खरं वाटायचं नाही," ते म्हणाले.